'झॉम्बी' आणि त्याचं कव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हौशी गिटारवाला. शनिवार-रविवारी सोसायटीतल्या आणि ओळखीपाळखीच्या पोरांना गिटार शिकवतो. दोन महिने झाले, बोटांना जरा घट्टे पडले, की प्रत्येक बॅचमधून एक फर्माईश येतेच: "सर, 'झॉम्बी' घ्या ना." मी विचारतो, कोणतं? क्रॅनबेरीजचं की बॅड वुल्व्जचं? यावर बऱ्याच जणांचा चेहरा कोरा. दोन आहेत, क्रॅनबेरीजचं मूळ आणि बॅड वुल्व्जनं तेच आपल्या ढंगात पुन्हा गायलेलं, म्हणजे कव्हर, हेच माहीत नसतं. त्यानंतर जे प्रश्न सुरू होतात ते दर वर्षी तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. गाण्याच्या ओळी इथे उतरवलेल्या नाहीत. त्या ऐकूनच घ्या.

हे गाणं मूळचं कोणाचं?

आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातल्या 'द क्रॅनबेरीज' या बॅण्डचं. शब्द आणि चाल दोन्ही गायिका डोलोरेस ओ'रिऑर्डनची. हे मुद्दाम सांगतोय, कारण या बॅण्डची बरीच गाणी ती आणि गिटारिस्ट नोएल होगन मिळून करायचे. हे मात्र तिनं एकटीनं, साध्या अकूस्टिक गिटारवर बांधलं आणि मग बॅण्डला सांगितलं की हे जोरात वाजवायचंय. बेसवर नोएलचा भाऊ माइक, ड्रम्सवर फर्गल लॉलर, निर्माता स्टीफन स्ट्रीट. सिंगल सप्टेंबर १९९४ मध्ये आलं, पाठोपाठ ऑक्टोबरात 'नो नीड टु आर्ग्यू' हा अल्बम.

पाच ओळींच्या वात्रट कवितेला ज्या गावाचं नाव पडलं, तेच हे लिमरिक. गाण्यात मात्र वात्रटपणाला जागा नाही.

नावावरून वाटतं तसं हे भुताखेतांचं गाणं आहे का?

नाही. पोरांना सिनेमातली चालती प्रेतं आठवतात, त्यात त्यांची चूक नाही. इथला झॉम्बी म्हणजे हाडामांसाचा, तुमच्या-आमच्यासारखा माणूस, ज्याच्या डोक्यात आजोबांच्या वेळचं युद्ध अजून चालू आहे. तो स्वतः विचार करत नाही, वारशात आलेला राग पुढे चालवत राहतो. गाण्यातला सगळा रोख त्या 'डोक्यात' या शब्दावर आहे. बॉम्ब रस्त्यावर फुटतो खरा, पण तयार होतो तो डोक्यात.

गाण्यामागची घटना काय आहे?

२० मार्च १९९३, शनिवार. इंग्लंडात लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधे वॉरिंग्टन नावाचं गाव आहे. दुसऱ्या दिवशी तिकडचा मातृदिन, त्यामुळे ब्रिज स्ट्रीट हा तिथला बाजाररस्ता भर दुपारी गजबजलेला. ओतीव लोखंडाच्या दोन कचरापेट्यांमध्ये बॉम्ब ठेवले होते. पहिला फुटल्यावर माणसं जिकडे वाट दिसेल तिकडे पळाली, आणि त्यातली काही थेट दुसऱ्या बॉम्बच्या पुढ्यात गेली. दोन्हींमध्ये जेमतेम मिनिटभराचं अंतर होतं. फुटलेल्या पेटीचं लोखंडच छर्ऱ्यासारखं उडालं.

तीन वर्षांचा जोनाथन बॉल जागीच गेला. तो त्याला सांभाळणाऱ्या मुलीबरोबर आईसाठी मातृदिनाचं कार्ड घ्यायला आला होता. बारा वर्षांचा टिम पॅरी एव्हर्टन संघाची फुटबॉलची चड्डी घ्यायला आला होता. तो पाच दिवसांनी हॉस्पिटलात वारला. पन्नासहून जास्त लोक जखमी झाले. बॉम्ब प्रोव्हिजनल आयआरएनं, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून ब्रिटिशांना हाकलण्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेनं, ठेवले होते. या प्रकरणात आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही.

डोलोरेस तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि बॅण्डबरोबर इंग्लंडात दौऱ्यावर होती. कचरापेटीत बॉम्ब आणि त्यात गेलेलं लेकरू ही गोष्ट तिच्या मनातून जाईना, आणि त्यातून हे गाणं आलं, असं तिनं पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं. गाण्याच्या पहिल्याच ओळीत एक मूल आहे. ते हेच.

मार्च १९९३ म्हटलं की मुंबईच्या माणसाला दुसरंच काही आठवतं. १२ मार्चचा शुक्रवार आणि वॉरिंग्टनचा शनिवार यांत आठच दिवसांचं अंतर आहे. दोन्हींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, दोन्हींची तुलनाही करायची नाही. पण माझ्या वयाच्या मुंबईकर विद्यार्थ्याला (हो, चाळिशीतले विद्यार्थीही येतात) ही तारीख सांगितली की तो क्षणभर गप्प होतो. बाजारात पडलेली बेवारस पिशवी बघून पाय कसे अडखळतात, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

गाण्यात १९१६ चा उल्लेख का आहे?

१९१६ च्या ईस्टरच्या सोमवारी, म्हणजे २४ एप्रिलला, डब्लिनच्या मुख्य पोस्ट ऑफिसात घुसून बंडखोरांनी आयर्लंड स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. आठवड्याभरात ब्रिटिश फौजेनं ते बंड मोडून काढलं. म्होरक्यांना गोळ्या घातल्या, आणि त्या गोळ्यांनीच ते अमर झाले. जे लोक आधी बंडखोरांना शिव्या घालत होते तेच त्यांना हुतात्मे मानू लागले. पुढे देशाचा मोठा भाग स्वतंत्र झाला, उत्तरेचा तुकडा ब्रिटनकडे राहिला, आणि त्या तुकड्यावरून १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ पर्यंत जे चाललं त्यात सुमारे साडेतीन हजार माणसं मेली.

आयर्लंडमध्ये १९१६ हे जवळजवळ पवित्र साल आहे. आपल्याकडे १८५७ किंवा १९४२ चं जे स्थान आहे ते डोळ्यांपुढे आणा. आता कल्पना करा, त्याच मातीतली, शेतकरी-कामगार घरातली, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत वाढलेली एक मुलगी माइकपुढे उभी राहून म्हणते की तेव्हापासून तेच दळण दळतोय आपण. हे धाडस परक्याला लक्षातच येत नाही, कारण त्याला ते चार आकडे नुसते यमक जुळवायला घातल्यासारखे वाटतात.

आणखी एक गोष्ट. १९१६ च्या त्या आठवड्यात मेलेल्यांत बहुसंख्य सामान्य नागरिक होते, आणि त्यात ४० लहान मुलं होती. गाणं लिहिताना डोलोरेसच्या मनात ते होतं की नाही हे शोधण्यात अर्थ नाही, पण पहिल्या ओळीतलं मूल आणि ते साल एकाच गाण्यात यावं हे मला तरी फार पटतं.

मग हे गाणं आयरिश लोकांच्या विरोधात आहे का?

आयर्लंडमध्येही हा वाद अधूनमधून उकरून काढला जातो. माझं मत सांगतो.

गाणारी स्पष्ट म्हणते की यात मी नाही, माझं घर नाही. आयआरए आमच्या नावानं मारते, पण आम्ही तिला ते नाव दिलेलं नाही, असा त्याचा अर्थ तिनंच नंतर उलगडून सांगितला होता. म्हणजे हा आयर्लंडच्या आतून उठलेला आवाज आहे. वॉरिंग्टननंतर डब्लिनमध्ये हजारो सामान्य लोक रस्त्यावर आले होते, तेही हेच म्हणत होते.

दुसरी बाजूही ऐकून घ्या. उत्तर आयर्लंडमधल्या काही राष्ट्रवादी लोकांचं म्हणणं असं की लिमरिकमध्ये बसून असं बोलणं सोपं आहे. आमच्या दारात ब्रिटिश सैन्याच्या चिलखती गाड्या फिरत होत्या, त्याचं काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण गाणं नीट ऐकलं तर त्यात बॉम्बबरोबर रणगाडेही आहेत, आणि रणगाडे आयआरएकडे नव्हते. एकाच बाजूला बोट दाखवलंय असं म्हणणाऱ्यांनी तो एक शब्द गाळून ऐकलेला असतो.

ती मध्येच आवाज तसा का तोडते? गाताना आमचा घसा जातो.

तुमचा जाणारच. तो चिरकलेला आवाज म्हणजे चूक नाही. छातीतला भरीव स्वर आणि वरचा पोकळ स्वर यांच्यामधला सांधा ती झाकण्याऐवजी मुद्दाम उघडा ठेवते. आपल्याकडे गळा तयार करताना हाच सांधा बुजवायला वर्षं घालवतात, त्यामुळे शास्त्रीय शिकलेल्यांना हे गाणं हमखास जड जातं.

आयर्लंडमध्ये मयताच्या घरी बायकांनी सुरात रडायची जुनी रीत होती, अर्धे शब्द, अर्धे नुसते स्वर. आपल्याकडेही गावात बायका हेल काढून रडायच्या, गेलेल्याचं एकेक आठवत. माझ्या आजीच्या वेळी मी ते ऐकलंय, आणि 'झॉम्बी'चं ध्रुपद ऐकताना मला दर वेळी तेच आठवतं. आयरिश समीक्षकही हा धागा जोडतात. शिवाय डोलोरेसनं आपला लिमरिकचा हेल अमेरिकन वळणानं गुळगुळीत केला नाही. गाणं एका ठिकाणचं आहे हे उच्चारातच कळतं.

याला बॅलड म्हणायचं का? केवढा आवाज आहे त्यात!

रॉक बॅलड म्हणजे संथ, भावनेवर चालणारं, हळूहळू चढत जाणारं गाणं असं धरलं तर मूळ 'झॉम्बी' काठावर बसतं. लय संथ आहे, पण गिटार पहिल्यापासूनच चरचरीत. जुन्या अर्थानं बॅलड म्हणजे घडलेल्या गोष्टीचं गाणं, आपल्या पोवाड्याच्या जवळचं. त्या अर्थानं ते नक्की आहे. गंमत म्हणजे हेवी मेटलवाल्यांनी केलेलं कव्हरच नेहमीच्या रॉक बॅलडच्या साच्यात जास्त नीट बसतं, कारण ते कुजबुजल्यासारखं सुरू होऊन मग फुटतं.

रेकॉर्ड कंपनीनं गाणं रोखायला दहा लाख डॉलर देऊ केले होते, खरं का?

बॅण्डचे एकेकाळचे मॅनेजर अ‍ॅलन कोवॅक यांनी तसं सांगितलं आहे: कंपनीला इतकं राजकीय गाणं सिंगल म्हणून नको होतं, दुसऱ्या गाण्यासाठी दहा लाखांचा चेक पुढे केला, आणि डोलोरेसनं तो फाडला. हे त्यांच्या तोंडचं आहे, तेवढंच वजन द्यावं. कंपनीच्या पोटात गोळा येणं मात्र समजण्यासारखं आहे. आधीच्या अल्बमवरची हळुवार प्रेमगाणी नुकती कुठे जगभर चालायला लागली होती.

व्हिडिओवर बंदी होती का?

बीबीसीनं हिंसेच्या दृश्यांमुळे मूळ व्हिडिओ दाखवला नाही. बॅण्ड नुसता वाजवतोय अशी वेगळी फीत चालवली. आयर्लंडच्या आरटीई या सरकारी वाहिनीनंही तेच केलं. दिग्दर्शक होता सॅम्युअल बायर. त्यानं बेलफास्टच्या गल्ल्यांत खरे बंदूकधारी सैनिक आणि खरी खेळणारी पोरं टिपली, आणि त्याला जोड दिली सोन्यानं माखलेल्या डोलोरेसची. मागे क्रॉस, भोवती चंदेरी रंगवलेली मुलं.

आमच्याकडे तेव्हा केबलवर एमटीव्ही लागायचा. मी शाळेत होतो. अर्थ शून्य कळला, पण ती सोनेरी बाई आणि भिंतीआडून डोकावणारा सैनिक एकाच गाण्यात का आहेत हा प्रश्न बरीच वर्षं डोक्यात राहिला. आईला वाटायचं एखादी देवी आहे.

या गाण्यामुळे आयआरएनं युद्धबंदी केली का?

नाही. युद्धबंदी ३१ ऑगस्ट १९९४ ला जाहीर झाली, सिंगल त्यानंतर बाजारात आलं. ही फॉरवर्डमधली थाप आहे.

गाणं किती चाललं?

जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेलं. ब्रिटनमध्ये चौदाव्यावर अडकलं, ते का याचा अंदाज तुम्हीच करा. १९९५ मध्ये एमटीव्ही युरोपचा सर्वोत्कृष्ट गाण्याचा पुरस्कार मिळाला. २०२० च्या एप्रिलमध्ये यूट्यूबवर शंभर कोटींचा आकडा ओलांडला, आणि तिथवर पोचलेला हा पहिला आयरिश बॅण्ड ठरला.

बॅड वुल्व्ज कोण? त्यांनी हे कव्हर का केलं?

लॉस एंजेलिसचा हेवी मेटल बॅण्ड, २०१७ मध्ये जमलेला. गायक तेव्हा टॉमी व्हेक्स्ट, ड्रम्सवर जॉन बेकलिन. बाकीचेही वेगवेगळ्या मेटल बॅण्डमधून आलेले, म्हणजे नाव नवं पण माणसं मुरलेली. पहिला अल्बम 'डिसओबे' अजून यायचा होता. त्यासाठी त्यांनी 'झॉम्बी' रेकॉर्ड केलं.

त्यांच्या रेकॉर्ड कंपनीतले डॅन वेट हे डोलोरेसच्या ओळखीचे होते. त्यांनी तिला ते ऐकवलं. तिला आवडलं, आणि मी स्वतः त्यात गाते असं ती म्हणाली. रेकॉर्डिंगचा दिवस ठरला १५ जानेवारी २०१८, ठिकाण लंडन.

त्याच दिवशी सकाळी ती लंडनच्या हॉटेलात मृतावस्थेत सापडली. वय ४६. दारूच्या अमलाखाली बाथटबमध्ये अपघातानं बुडून मृत्यू, असा चौकशीचा निष्कर्ष सप्टेंबरमध्ये आला.

चार दिवसांनी, १९ जानेवारीला, तिच्या आवाजाविनाच कव्हर प्रसिद्ध झालं. अमेरिकेत बिलबोर्डच्या मेनस्ट्रीम रॉक यादीत ते पहिलं आलं. मूळ गाणंही १९९४-९५ मध्ये तिथल्या मॉडर्न रॉक यादीत पहिलं होतं.

म्हणजे तिच्या मृत्यूवर पोळी भाजून घेतली का?

हा आरोप मीही सुरुवातीला केला होता, चहाच्या टपरीवर, तावातावानं. मग तारखा बघितल्या. रेकॉर्डिंग आधीचं, संमती आधीची, ती स्वतः गायला येणार होती. बॅण्डनं आपलं उत्पन्न तिच्या तीन मुलांना द्यायचं जाहीर केलं आणि २०१८ च्या जूनमध्ये अडीच लाख डॉलरचा चेक दिला. व्हिडिओतही सोनेरी रंगवलेली स्त्री आहे, म्हणजे मूळ व्हिडिओला केलेला नमस्कार. हेतूवर शंका घ्यायला मला जागा दिसत नाही. माझी तक्रार वेगळी आहे, ती पुढच्या उत्तरात.

कव्हरमध्ये शब्द बदललेत का?

दोन ठिकाणी. १९१६ च्या जागी २०१८ आलं, आणि बंदुकांच्या जागी ड्रोन.

ड्रोनचं मला पटतं. हत्यारं बदलली, शब्द बदलला. मूळ गाण्यात तेव्हाची हत्यारं होती, यात आजची. मारणारा समोर नसतो, पडद्यापुढे बसलेला असतो, हे त्या एका शब्दात येतं.

साल बदलणं मात्र मला खटकतं, आणि यावर माझं विद्यार्थ्यांशी दर वर्षी भांडण होतं. त्यांचं म्हणणं: सर, अमेरिकन पोराला १९१६ काय कळणार? आणि दुःख काय एकट्या आयर्लंडचं आहे का? मुद्दा बरोबर आहे. पण बघा काय होतं. मूळ ओळीत एक लांबी आहे. १९१६ पासून गाणं आलं तोपर्यंत, म्हणजे पंचाहत्तरच्या वर वर्षं, तीन-चार पिढ्या, आणि डोक्यातून न निघणारं तेच. 'तेव्हापासून' म्हटलं की काळ ताणला जातो. त्याजागी चालू साल टाकलं की ती लांबी गेली. उरलं काय, तर यंदाही तेच. 'पिढ्यान्‌पिढ्या' आणि 'यंदाही' यांत फरक आहे. झॉम्बी हा शब्दच मुळी मेल्यावरही चालत राहणाऱ्याचा, त्याला मागचं साल लागतं.

शिवाय साल गेलं की पत्ता गेला. मग गाण्यातला 'तुम्ही' कोण? मूळ गाणं एका विशिष्ट संघटनेला, तिच्याच मातीतल्या बाईनं, तोंडावर सांगितलेलं आहे. कव्हरमधला 'तुम्ही' सगळेच आहेत, म्हणून अंगाला कोणाच्याच लागत नाही. राग आहे, पण तो हवेत मारलेल्या ठोशासारखा.

माझ्या एका विद्यार्थिनीनं यावर मला गप्प केलं होतं, तेही सांगतो. ती म्हणाली, "सर, २०१८ म्हणजे त्या बाई गेल्या ते साल. ते गाताना माझ्या डोक्यात युद्ध नसतं, त्या असतात." बॅण्डनं हे साल निवडलं तेव्हा ती जिवंत होती. त्यांच्या मनात हा अर्थ असणं शक्य नाही. पण आता तो चिकटलाय, आणि काढता येणार नाही.

मग चांगलं कोणतं?

मूळ. पण व्हेक्स्टचा आवाज खरा आहे, आणि पहिल्या कडव्यात तो जितका दबून गातो तितका मूळ गाण्यात कोणी दबत नाही. गाडीत एकटे असाल तर कव्हर लावा. हेडफोन असेल तर मूळ.

टिम पॅरीच्या घरच्यांना हे गाणं कसं वाटतं?

टिमचे वडील कॉलिन पॅरी यांनी डोलोरेस गेल्यानंतर बीबीसीला सांगितलं की हे गाणं आपल्या मुलाच्या घटनेवर आहे हे आपल्याला आत्ताच, काल कळलं. गाणं जगभर वाजत होतं, पुरस्कार मिळत होते, स्टेडियमं भरत होती, आणि ज्याच्या पोरावरून ते लिहिलं गेलं त्या बापाला तेवीस वर्षं पत्ता नव्हता. मग त्यांनी ते शब्द लक्ष देऊन ऐकले आणि त्यांना ते भिडले.

त्या मधल्या काळात हे गृहस्थ गप्प बसलेले नव्हते. पती-पत्नींनी टिम आणि जोनाथनच्या नावानं संस्था उभी केली. २० मार्च २००० ला, बरोबर सात वर्षांनी, वॉरिंग्टनमध्ये शांतता केंद्र सुरू झालं. बॉम्बस्फोटांत होरपळलेली माणसं आणि तरुण पोरं यांच्यासोबत तिथे काम सुरू झालं.

रग्बीच्या सामन्यात हे गाणं का लावतात?

लिमरिकचे लोक ते आपलं म्हणून आधीपासूनच खेळाच्या मैदानात गायचे. २३ सप्टेंबर २०२३ ला वर्ल्ड कपमध्ये आयर्लंडनं दक्षिण आफ्रिकेला १३-८ नं हरवलं, तेव्हा पॅरिसजवळच्या स्टेडियममध्ये हजारो हिरव्या जर्सी एका सुरात 'झॉम्बी' गात होत्या. लगेच वाद: मेलेल्या मुलांचं गाणं विजयाच्या जल्लोषात? आणि उत्तरेकडून पुन्हा तो जुना आक्षेप.

आयर्लंडचा रग्बी संघ सीमेच्या दोन्ही बाजूंचा मिळून एकच असतो. बेलफास्टचा आणि लिमरिकचा खेळाडू एकाच जर्सीत. त्या संघाच्या मागे हे गाणं लागतं यात मला विटंबना दिसत नाही. अर्थात बिअरचा ग्लास उंचावून गाणाऱ्या किती जणांना वॉरिंग्टन आठवत असेल, हा प्रश्न राहतोच.

कॉर्ड्स कोणत्या?

आला एकदाचा कामाचा प्रश्न. ई मायनर, सी, जी, डी. संपूर्ण गाणं याच चार कॉर्ड्सवर, याच क्रमानं, म्हणून तर पहिल्या सहा महिन्यांत जमतं. जरा सरावलात की चौथ्या कॉर्डला बेस एफ शार्पवर ठेवा. मग बेस पायरीनं उतरत पुन्हा ई वर येतो आणि गाणं गोल फिरल्यासारखं वाटतं. ते फिरणं महत्त्वाचं आहे. कॉर्ड्स कुठेच पोचत नाहीत, परत तिथेच येतात. शब्द जे सांगतायत तेच हात करतोय.

घाई करू नका. नवशिके हमखास पळवतात. कडव्यात हात हलका, ध्रुपदाला डिस्टॉर्शन पेडलवर पाय. कव्हरसारखं वाजवायचं असेल तर कडव्यात कॉर्ड न खरवडता एकेक तार छेडा.

आमच्या बॅण्डला याचं कव्हर करायचंय. परवानगी लागते का?

कॉलेजच्या कार्यक्रमात, श्रोते फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालक असतील तर कायद्यात सूट आहे. तिकीट लावून, बाहेरच्या लोकांसमोर वाजवत असाल तर आयोजकांनी सादरीकरणाचा परवाना काढलाय का ते विचारा. पोलिसांच्या लाउडस्पीकरच्या परवान्याला पुष्कळ जण तोच समजतात, तो वेगळा.

रेकॉर्ड करून विकायचं असेल तर भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं ३१सी हे कलम बघा. मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली हवीत, ती केव्हाच उलटली. मालकाला आधी सूचना द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि तीही वर्षाला किमान ५०,००० प्रती धरून. हौशी बॅण्डनं इथेच हात टेकलेले बरे. यूट्यूबवर टाकलंत तर बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात, पण तो हक्क नाही, मालकाची मर्जी.

साल बदलून, किंवा मराठीत करून गायलं तर?

त्याच कलमात म्हटलंय की तांत्रिक गरज नसेल, किंवा तो बदल मालकाच्या संमतीनं आधीच झालेला नसेल, तर मूळ शब्दांत आणि संगीतात बदल करता येत नाही. साल बदलणं ही तांत्रिक गरज नव्हे. भाषांतराला तर वेगळी परवानगी लागतेच. वर्गात, घरात, गच्चीवर काय वाटेल ते करा.

गेल्या वर्षी एका पोरानं गच्चीवर १९१६ च्या जागी १९९३ म्हणून बघितलं. मीटरमध्ये बसत नाही, मराठीत तर मुळीच नाही. दोन-तीनदा अडखळला, हसला, आणि परत मूळ सालावर आला.